नळाखालची बादली

२०१२ च्या जानेवारीत वाई तालुक्यातल्या आमच्या गावी मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. दळण गिरणीत जाऊ लागल्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण जातं अजून माजघरात रोवलेलं होतं आणि भरड काढायला ते अधूनमधून फिरायचंही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्याचं मी वाचलं होतं. आपल्या घरातल्या शेपन्नास तरी आपण वाचवाव्यात, एवढाच माझा हेतू.

गावात दिवसा शांतता मिळणं अवघड. गिरणीचा पट्टा, विहिरींवरच्या मोटारी, शेजारच्या घरातला टीव्ही. पण भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ होतं. वीज गेली की गाव एकदम गप्प व्हायचं. म्हणून मी मुद्दाम तीच वेळ निवडली. लॅपटॉप बॅटरीवर, त्याला यूएसबीने जोडलेला छोटा ऑडिओ इंटरफेस, आणि उशीवर ठेवलेला एक मायक्रोफोन. आत्या चाळीस मिनिटं दळत होती आणि गात होती. मी हेडफोन लावला नव्हता, कारण तसं बसलो तर ती बुजेल असं मला वाटलं.

पुण्याला येऊन ऐकलं तेव्हा जागोजाग तडतड होती. कागद घेऊन मोजलं. त्र्याहत्तर ठिकाणी आवाज तुटला होता. काही ठिकाणी नुसती टिचकी, काही ठिकाणी शब्दाचं एखादं अक्षरच गायब. पुढच्या खेपेला मी आत्याला म्हटलं, "ती भावाची ओवी परत म्हणशील का?" ती म्हणाली, "जातं फिरलं की येती ती. नुसतं बसून न्हाई येत." जातं फिरवलं तेव्हा दुसऱ्याच ओव्या आल्या.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकातलं मला त्या वेळी काही कळत नव्हतं, आणि आजही कामापुरतंच कळतं. पण झाल्या नुकसानीचं कारण शोधता शोधता मी एका लांबलचक भांडणाच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. ते भांडण संगणकाने कोणाचं काम आधी करावं, यावरचं होतं.

आधी ही तडतड होते कशी, ते सांगायला हवं. आपल्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा खाली बादली लावतात. भरली की कोणीतरी धावत जाऊन ती काढायची आणि रिकामी लावायची. ध्वनिमुद्रण करणाऱ्या संगणकाची अवस्था हीच. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाची दर सेकंदाला, समजा, ४८,००० वेळा मोजणी होते आणि ते आकडे एका बादलीत पडत राहतात. या बादलीला बफर म्हणतात. बादली २५६ आकड्यांची असेल तर ती ५.३ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्यात संगणकाने येऊन ती रिकामी केली पाहिजे. दुसऱ्या कामात अडकून त्याला उशीर झाला तर पाणी वाहून जातं. वाहून गेलेलं ते पाणी म्हणजेच तडतड.

मग बादली मोठी का लावू नये? लावता येते. १०२४ आकड्यांची बादली भरायला २१ मिलिसेकंद लागतात आणि संगणकाला उसंत मिळते. पण गाणारा स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकत असेल तर तो त्याला तितकाच उशिरा ऐकू येतो, परत बाहेर येतानाही बादली भरावी लागत असल्याने त्याहूनही उशिरा. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत गवयाच्या मागे मीटरभर अंतरावर तानपुरा असतो, त्याचा सूर तीनेक मिलिसेकंद उशिरा येतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. पण येऊन-जाऊन चाळीस-पन्नास मिलिसेकंद म्हणजे तबलजीला पंधरा मीटर लांब बसवून ठेका धरायला लावण्यासारखं आहे. म्हणून वाजवणारे लोक बादली लहान मागतात.

माझी पहिली चूक इथेच झाली. इंटरफेस विकणाऱ्याने सांगितलं होतं, "आकडा जेवढा कमी तेवढं चांगलं." मी तो ६४ वर नेऊन ठेवला. म्हणजे १.३ मिलिसेकंदाची वाटी. आत्याच्या कानाला हेडफोन नव्हता. तिला पिंपभर बफर चालला असता.

पण चूक एकट्या माझी नव्हती. एवढ्या वेगवान यंत्राला वाटी बदलायला वेळेवर का येता येऊ नये? याचं उत्तर कित्येक दशकं मागे सापडतं.

१९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था दाखवली. तिला टाइम-शेअरिंग म्हणतात. संगणक तेव्हा प्रचंड महाग होते. एकाने विचार करत बसायचं आणि यंत्राने त्याची वाट पाहायची, ही चैन परवडणारी नव्हती. म्हणून वेळेचे तुकडे करून ते सगळ्यांना पंगतीसारखे वाढायचे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्सने हाच संस्कार उचलला. युनिक्समधल्या एका आज्ञेचं नावच 'नाइस' आहे. आपल्या प्रोग्रामने इतरांशी किती सभ्यपणे वागावं, किती वेळा 'आधी तुम्ही' म्हणावं, हे तिने ठरवता येतं. गंमत अशी की सभ्यपणा वाढवायला कोणाचीही आडकाठी नाही. तो कमी करायचा अधिकार मात्र यंत्राच्या मालकाचा, ज्याला युनिक्समध्ये 'रूट' म्हणतात. ही तरतूद पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

याच बेल लॅब्जमध्ये, युनिक्सच्या बारा वर्षं आधी, १९५७ साली मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली होती. वाजवून घेतली म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. यंत्र आधी सगळे आकडे काढून टेपवर लिहीत असे आणि ती टेप नंतर वेगळ्या उपकरणावर चढवून तिचा आवाज होत असे. हिशेबाला कितीही वेळ लागला तरी बिघडत नव्हतं. संगीत आणि संगणक यांचा संबंध घड्याळ बाजूला ठेवून सुरू झाला, आणि टाइम-शेअरिंगच्या जगातही घड्याळाला फारसं स्थान नव्हतं. पंगतीत वाढपी सर्वांकडे येतो, पण अमुक मिनिटाला तुमच्याच पानाशी येईन असा शब्द देत नाही. ध्वनिमुद्रणाला नेमका तो शब्द हवा असतो.

घरगुती संगणकांनी काही काळ हा प्रश्न नकळत टाळला. १९८५ च्या अटारी एसटी या यंत्राला वाद्यं जोडण्याची मिडी ही सोय बाहेर वेगळं काही न लावता मिळत असे, आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीम एका वेळी एकच काम करी. एकट्या माणसाचं घर, त्यामुळे पंगतीचा प्रश्नच नव्हता. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये क्यूबेस आणलं ते याच यंत्रासाठी. अटारी कालबाह्य झाल्यावरही अनेक संगीतकारांनी ते सोडलं नाही, त्याची लय पक्की असते म्हणून. पुढे विंडोजवर खरा आवाज मुद्रित करायची वेळ आली तेव्हा स्टाइनबर्गने सरळ मागचं दार पाडलं. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळणारा एक टप्पा होता, तिथे वेळ जाई. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या एएसआयओ या त्यांच्या पद्धतीने तो टप्पा वगळून प्रोग्रामचा हात थेट साउंडकार्डाला मिळवून दिला. आजही विंडोजवर घरी ध्वनिमुद्रण करायचं म्हटलं की पहिला सल्ला एएसआयओ वापरण्याचाच मिळतो.

माझ्या लॅपटॉपवर त्या जानेवारीत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम होती ते सांगत बसत नाही. दोष तिच्या एकटीचा नव्हता. यापुढे मी लिनक्सविषयी लिहिणार आहे, कारण इतिहासाच्या माणसाला साधनं लागतात. कंपन्यांची भांडणं बंद दाराआड झाली. लिनक्सची उघड्यावर, नावानिशी आणि तारीखवार झाली, आणि तो सगळा पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. (कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे. बीच्या आतला गर. ऑपरेटिंग सिस्टीमचा हा गाभा यंत्राची वेळ आणि स्मृती वाटून देतो.) १९९८-९९ च्या सुमारास काही संगीतप्रेमी प्रोग्रामरांनी त्यावर ध्वनिमुद्रणाचा प्रयोग सुरू केला आणि त्यांना माझ्यासारखीच तडतड ऐकू आली. बेनो सेनोनेर यांनी ती मोजायला एक चाचणी लिहिली. डिस्कवर फाइल लिहायला घेतली की कर्नल स्वतःच्या कामात गढून जाई आणि तोवर दारात उभ्या असलेल्या कोणालाही ओ देत नसे. वापरणाऱ्यांमध्ये तो समान न्याय करी, पण स्वतःला मात्र त्या न्यायातून वगळून. १९९९ मध्ये हंगेरीच्या इंगो मोल्नार यांनी कर्नलमध्ये जागोजाग थांबे घातले. लांब काम करताना मध्येच मान वर करून 'कोणी तातडीचं आलंय का' हे बघण्याचे थांबे. सेनोनेर यांच्या मोजणीत विलंब काही मिलिसेकंदांवर आला.

पण हे थांबे मूळ कर्नलमध्ये घ्यायला टोरवाल्ड्स राजी नव्हते. शेकडो ठिकाणी अशी ठिगळं लावणं त्यांना कुरूप वाटत होतं, आणि निव्वळ बांधणीच्या दृष्टीने पाहिलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. २००० साली ध्वनीवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी मिळून त्यांना एक खुलं पत्र लिहिलं. त्यात पॉल डेव्हिस होते. हे गृहस्थ अ‍ॅमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रामरांपैकी एक. तिथून लवकरच बाहेर पडून त्यांनी आर्डर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम आणि जॅक ही आवाज इकडून तिकडे वेळेवर पोहोचवणारी व्यवस्था लिहायला घेतली. पत्राने लगेच काही झालं नाही. मार्ग निघाला तो दुसऱ्याच बाजूने. फ्लोरिडात शिकणाऱ्या रॉबर्ट लव्ह या विद्यार्थ्याने २००१ मध्ये, ठरावीक थांब्यांऐवजी, कुलपं लावलेली नाजूक कामं सोडून कर्नलला कुठेही अडवता येईल अशी रचना पुढे आणली. ती फेब्रुवारी २००२ मध्ये स्वीकारली गेली आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ आवृत्तीतून सर्वांच्या हाती पडली.

आता दार वाजवलं तर उघडत होतं. पण वाजवायचा हक्क कोणाला? तातडीचा अग्रक्रम मागायची सोय लिनक्समध्ये होती, १ ते ९९ अशा श्रेणींची. मात्र तो मागायचा तर रूट हवं. 'नाइस'ची तीच जुनी तरतूद. म्हणजे घरच्या संगणकावर सतार मुद्रित करायला यंत्राच्या सगळ्या किल्ल्या हातात घेऊन बसायचं. बँकेत पासबुक भरायला मॅनेजरच्या खुर्चीत बसावं, तसं. जॅक ओ'क्विन आणि टॉर्बेन होन यांनी ठरावीक गटातल्या वापरकर्त्यांना एवढाच एक हक्क देणारा तुकडा लिहिला. कर्नलवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. २००४ चा शेवट आणि २००५ ची सुरुवात या वादात गेली. विरोधकांची भीती पोकळ नव्हती. सर्वोच्च अग्रक्रम मिळालेला प्रोग्राम बिघडला आणि थांबेचना, तर बाकी सगळे उपाशी राहतात आणि यंत्र गोठतं. पंगतीत एकानेच वाढप्याचा हात धरून ठेवावा तसं. मेलबर्नचे कॉन कोलिवास यांनी मध्यममार्ग सुचवला होता. ते पेशाने भूलतज्ज्ञ. रात्री घरी बसून कर्नल लिहायचे. हक्क सगळ्यांना द्यावा, पण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ खाल्ला की तो आपोआप काढून घ्यावा, अशी त्यांची कल्पना.

ती कल्पना घेतली गेली नाही. जून २००५ मध्ये आलेल्या २.६.१२ या आवृत्तीत तडजोड झाली. कोणत्या गटाला किती वरचा अग्रक्रम मागता येईल, याची कमाल मर्यादा यंत्राच्या मालकाने एकदाच लिहून ठेवायची. आज लिनक्सवर घरी ध्वनिमुद्रण करणारे अनेक जण एका छोट्या फाइलीत दोन ओळी घालतात. 'ऑडिओ' गटाला ९५ पर्यंतचा अग्रक्रम, आणि त्या गटाची स्मृती डिस्कवर न हलवण्याची मुभा. त्या दोन ओळी कोणीतरी कुठूनतरी उतरवून देतो आणि आपण कारण न विचारता घालतो. त्यांच्यामागे कित्येक महिन्यांची वादावादी आहे. २००८ मध्ये आणखी एक पुरवणी आली. तातडीच्या कामांनी मिळून दर सेकंदातले ९५० मिलिसेकंदच घ्यायचे, ५० इतरांसाठी राखून ठेवायचे. भूलतज्ज्ञाच्या म्हणण्याचा अंश वेगळ्या रूपाने मागाहून आला, असं मी समजतो.

अग्रक्रम मिळाला तरी सगळं निभत नाही. एक विचित्र खोडा उरतो, आणि त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप पुन्हापुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या श्रेणीचं काम एका सामायिक साधनाची किल्ली घेऊन बसायचं. वरच्या श्रेणीचं काम त्या किल्लीसाठी ताटकळायचं. तेवढ्यात मधल्या श्रेणीची कामं येऊन खालच्याला बाजूला सारायची. मग किल्ली सुटेना आणि वरचा अडकलेला. यावरचा उपाय लुई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० च्या निबंधात मांडला होता. किल्ली हाती असेपर्यंत खालच्याला वरच्याचा मान द्यायचा. पाथफाइंडरच्या प्रणालीत ही सोय होतीच, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू केली गेली.

इंगो मोल्नार यांनी २००४ मध्ये नव्याने जे काम आरंभलं आणि पुढे जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर यांनी ज्याची धुरा वाहिली, त्या 'प्रीएम्प्ट आरटी' प्रकल्पात ही मान देण्याची रीत कर्नलच्या जवळजवळ प्रत्येक कुलपाला लावली गेली. नेटवर्क, डिस्क, यूएसबी यांच्या दारावरच्या थापांनाही (इंटरप्ट म्हणतात त्यांना) रांगेत उभं केलं गेलं, म्हणजे साउंडकार्डाची थाप आधी ऐकता येईल. २००६ मध्ये टोरवाल्ड्स यांनी, लिनक्सने लेझर चालवणं हा वेडेपणाच, पण इथे जमलेले सगळे आपापल्या परीने वेडेच आहेत, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून या प्रकल्पाला तत्त्वतः हरकत नसल्याचं सांगितलं. लेझर म्हणजे कारखान्यातला जोडकाम करणारा. पत्र आधी लिहिलं होतं ध्वनिवाल्यांनी, पण पुढची वर्षं हे काम तगलं ते प्रामुख्याने यंत्रमानव आणि कारखाने चालवणाऱ्यांच्या पैशावर. मला यात खंत वाटत नाही. देवळाच्या ओसरीवर भजन होतं, ती ओसरी कोणा सावकाराने बांधलेली असते.

तुकड्यातुकड्याने बरंच काही आधीच मूळ कर्नलमध्ये येत गेलं. शेवटचा अडथळा काय होता? कर्नल स्वतःच्या हालचालींची जी टिपणं पडद्यावर लिहितो, ते टिपण लिहिणं. रोजनिशी लिहिताना तो कोणाला दाद देत नसे. ती सवय मोडायला वर्षं गेली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी विलीनीकरणाची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टोरवाल्ड्स यांच्या हातात ठेवली. नोव्हेंबरात ६.१२ आवृत्ती आली. वीस वर्षं.

आता माझ्या तडतडीकडे येतो. हे सगळं वाचत असताना माझी एक समजूत झाली होती की दोष अग्रक्रमाचा असणार. अग्रक्रम दिला, लहान बफर मोठा केला, वायफाय बंद केलं. पुण्यात सगळं सुरळीत चालू लागलं. गावी जाऊन चाचणी घेतली, तर वीज गेल्याबरोबर परत टिचक्या. तेव्हा कुठे लक्षात आलं.

लॅपटॉप बॅटरीवर गेला की काटकसर सुरू करतो. मेंदूचा वेग उतरवतो आणि काम नसेल त्या क्षणी त्याला झोपवतो. वेग किती ठेवायचा हे ठरवणारा कारभारी गेल्या काही क्षणांत किती काम झालं ते बघतो. ध्वनिमुद्रणाचं काम असतं थोडं पण ठरल्या वेळेचं. एक बादली, मग विसावा, मग एक बादली. कारभाऱ्याला वाटतं, हा गडी तर बहुतेक वेळ बसूनच असतो, एवढी मजुरी कशाला? आणि बादली भरते तेव्हा गडी पेंगत असतो. शांतता मिळावी म्हणून मी निवडलेली भारनियमनाची वेळ हीच आत्याच्या ओव्यांच्या मुळावर आली होती.

उपाय मिनिटाचा निघाला. वेग कायम वरच ठेवण्याची एक आज्ञा लिनक्सवर असते, तिचं नाव 'परफॉर्मन्स'. बॅटरी लवकर संपते, एवढंच. आजचं माझं यंत्र असं आहे: ती आज्ञा दिलेली, बफर २५६ चा आणि नुसतं मुद्रण असेल तेव्हा १०२४ चा, 'ऑडिओ' गटाच्या दोन ओळी, ध्वनिमुद्रण चालू असताना वायफाय बंद. ६.१२ च्या पुढचा कर्नल गेल्या वर्षी टाकला, पण खरं सांगायचं तर ओव्यांसाठी त्याची गरज नव्हती.

२०१४ मध्ये आत्याच्या ओव्या पुन्हा घेतल्या. भारनियमनातच, बॅटरीवर. पन्नास मिनिटांत एकही टिचकी नाही. भावाची ती ओवी त्यात नाही. दोन्ही मुद्रणं मी तिला ओळीने ऐकवली. नवं तिने मान डोलावत ऐकलं. जुनं लागलं तेव्हा सातव्या मिनिटाला, जिथे लागोपाठ तीन टिचक्या आहेत, तिथे तिचा हात खुंटा धरल्यासारखा थांबला.

"जोंधळ्यात खडा आलाय," ती म्हणाली. "निवडला न्हवता वाटतं नीट."